नागपूरची तरुण शीख पिढी आणि गुरुद्वाऱ्यातील उपासना : प्रस्तावना

धर्मपरंपरा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते, हा प्रश्न अल्पसंख्य समाजांच्या संदर्भात उपस्थित झाला की त्याचे उत्तर बहुधा श्रद्धेच्या परिभाषेत दिले जाते. तरुणांची श्रद्धा उणावली, शहरी जीवनाने त्यांना ओढून नेले, घरातले संस्कार कमी पडले, अशी ती ठरावीक उत्तरे असतात. नागपूर शहरातील शीख कुटुंबांच्या बाबतीत मात्र हे निदान अपुरे ठरते. या कुटुंबांतील तरुण गुरुपुरबाला, म्हणजे गुरूंच्या जन्माच्या किंवा हौतात्म्याच्या स्मृतिदिनी, गुरुद्वाऱ्यात येतो, डोके झाकतो, माथा टेकतो, लंगरात, म्हणजे सामुदायिक भोजनात, पंगतीला वाढतो आणि नगरकीर्तनाच्या मिरवणुकीत पाण्याचे पेले वाटतो. तो जिथे अडखळतो ती जागा श्रद्धेची नसून सहभागाची आहे. समोर चाललेले कीर्तन कोणत्या शबदाचे, म्हणजे ग्रंथातील पदाचे, आहे हे त्याला उमगत नाही, ग्रंथाची गुरुमुखी लिपी त्याला वाचता येत नाही आणि तास-दीड तासाच्या त्या उपासनेत बसून राहण्यापलीकडे त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षाही नसते. ज्या धर्माने पुरोहिताचे स्थानच तत्त्वतः नाकारले, त्या धर्माच्या उपासनेत ऐकणारे आणि करणारे असे दोन वर्ग कसे पडले आणि तरुण पिढी त्यांतल्या पहिल्या वर्गात कशी अडकून राहिली, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील शिखांची संख्या २,२३,२४७ होती. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण अवघे ०.२ टक्के भरते. नागपुरातील शीख वस्तीला फाळणीनंतर मोठी भर पडली आणि मोटार-वाहतूक, सुटे भाग, बांधकामाची कंत्राटे, हॉटेले आणि नोकऱ्या यांच्या आधाराने ती स्थिरावली. देशाच्या मध्यावर, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांच्या छेदावर असलेल्या या शहरात ट्रकच्या धंद्यात शिरलेल्या समाजाने मूळ धरावे, यात नवल नाही. उत्तर नागपुरात कामठी रस्त्यावर टेका नाक्याजवळ या वस्तीचा एक ठळक भाग आहे आणि त्याचे नाव बाबा बुद्धाजी नगर असे आहे. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जनदेव यांनी सिद्ध केलेला आदिग्रंथ, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाचे मूळ रूप, अमृतसरच्या हरिमंदिरात प्रतिष्ठित झाला, तेव्हा त्याचे पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचे वाचन आणि सेवा करणारे, म्हणून याच बाबा बुद्धाजींची नेमणूक झाली होती. पहिल्या वाचकाच्या नावाच्या या वस्तीत आज ग्रंथ वाचू शकणारे तरुण मोजकेच सापडावेत, हा विरोधाभास कोणी मुद्दाम घडवून आणलेला नाही. त्यामागची कारणे साधी आहेत. आजी-आजोबांशी पंजाबी, रस्त्यावर आणि दुकानात नागपुरी वळणाची हिंदी, शाळेत इंग्रजी आणि अभ्यासक्रमातला एक विषय म्हणून मराठी, अशा चार भाषांत वाढणाऱ्या मुलाच्या दिवसात गुरुमुखी लिपीला कोठेच जागा उरत नाही.

उपासनेची रचना नीट ध्यानात आल्याखेरीज या प्रश्नाचे स्वरूप कळणार नाही, म्हणून तिचा परिचय थोडा विस्ताराने करून देणे आवश्यक आहे. शीख उपासनेच्या केंद्रस्थानी मूर्ती नसून गुरू ग्रंथसाहिब आहे. १७०८ मध्ये नांदेड येथे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद या ग्रंथाकडे सोपवले, अशी शीख समाजाची श्रद्धा आहे. त्यामुळे ग्रंथाला जिवंत गुरूचा मान दिला जातो. पहाटे त्याचा 'प्रकाश' होतो, म्हणजे तो विधिपूर्वक उघडून आसनावर ठेवला जातो, आणि रात्री 'सुखासन' होते, म्हणजे तो मिटून विश्रांतीच्या जागी नेला जातो. त्याच्यावरची वस्त्रे म्हणजे रुमाले, त्याच्यावर ढाळली जाणारी ती चौरी आणि त्याच्यासमोर जमलेला समुदाय ती संगत. संगत भरली की तिला दिवाण म्हणतात. सकाळच्या दिवाणात 'आसा दी वार' ही गुरू नानकांची रचना गायली जाते, सायंकाळी 'रहिरास' आणि निजण्यापूर्वी 'सोहिला' म्हटला जातो. पहाटेचा 'जपुजी' हा प्रत्येकाने स्वतः करावयाचा पाठ आहे. कीर्तन म्हणजे येथे ग्रंथातील पदांचे रागबद्ध गायन. मराठी वाचकाला परिचित असलेल्या नारदीय कीर्तनातील पूर्वरंग, उत्तररंग आणि आख्यान त्यात नसतात. निरूपण स्वतंत्रपणे होते आणि त्याला कथा म्हणतात. दिवाणाच्या अखेरीस सर्वजण उभे राहून अरदास, म्हणजे सामूहिक प्रार्थना, करतात. त्यानंतर ग्रंथ सहज उघडून डाव्या पानाच्या वरच्या भागातील पद वाचले जाते, तो त्या दिवसाचा हुकुमनामा, म्हणजे गुरूची आज्ञा. कणीक, तूप आणि साखर सम प्रमाणात घेऊन केलेला कडाह प्रसाद वाटला जातो आणि मग संगत लंगराकडे वळते.

या सगळ्या क्रमात असे एकही कर्म नाही की जे करण्यासाठी विशिष्ट कुळात जन्मावे लागते किंवा स्वतंत्र दीक्षापीठाची अनुमती लागते. ग्रंथ वाचणे, कीर्तन करणे, अरदासचे शब्द उच्चारणे, चौरी ढाळणे, प्रसाद रांधणे ही सर्व कामे स्त्री-पुरुष कोणीही करू शकतात, असा सिद्धांत आहे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९३६ मध्ये स्वीकृत केलेल्या आणि १९४५ मध्ये काही फेरबदलांनी कायम केलेल्या 'सिख रहित मर्यादा' या आचारसंहितेतही हीच भूमिका दिसते. प्रत्येक शिखाने गुरुमुखी शिकावी, असे तिथे स्पष्ट म्हटलेले आहे. ही समिती ज्या चळवळीतून १९२० मध्ये जन्मली, तिचा रोखच मुळी गुरुद्वाऱ्यांवर वंशपरंपरेने बसलेल्या महंतांविरुद्ध होता, आणि १९२५ च्या कायद्याने पंजाबातील ऐतिहासिक गुरुद्वाऱ्यांचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे गेला. कारभार संगतीकडे आला, हे खरेच. परंतु उपासना संगतीकडे आली असे म्हणता येत नाही. महंताच्या जागी पगारी ग्रंथी आणि रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, आले, आणि पंजाबाबाहेरच्या शहरांत तर हे दोघेही बहुधा पंजाबातूनच आणावे लागतात. स्थानिक गुरुद्वाऱ्याची समिती हिशेब पाहते, ग्रंथी वाचतो, रागी जथा गातो आणि संगत ऐकते. तरुणांच्या वाट्याला येते ती सेवा: जोडे सांभाळणे, भांडी घासणे, पंगतीत वाढणे. शीख विचारात सेवेचे मोल कमी नाही, उलट ती उपासनेचाच भाग मानली जाते. मात्र सेवा हीच तरुणांची एकमेव वाट ठरते तेव्हा धर्म म्हणजे लंगर एवढाच अर्थ त्यांच्या मनात उरण्याचा धोका असतो. २०२० च्या टाळेबंदीत नागपूर-हैदराबाद महामार्गावर यवतमाळ जिल्ह्यातील करंजी येथे पायी निघालेल्या मजुरांना आणि वाहनचालकांना जेवू घालणाऱ्या लंगराची कीर्ती देशभर झाली. अशा प्रसंगांनी तरुणांचा स्वाभिमान वाढतो, परंतु बाहेरच्या समाजाकडून मिळणारी ही शाबासकी दिवाणात उघडलेल्या ग्रंथाशी त्यांचे नाते जोडून देऊ शकत नाही.

लिपीचा प्रश्न वरवर दिसतो तेवढा कठीण नाही आणि तेवढा सोपाही नाही. पस्तीस मूळ अक्षरांची गुरुमुखी देवनागरी जाणणाऱ्याला काही आठवड्यांत वाचता येऊ लागते, कारण दोहोंच्या वर्णमालेची मांडणी एकच आहे. आरंभी काही अक्षरे फसवतात, गुरुमुखीतला 'स' देवनागरीच्या 'म'सारखा दिसतो, पण ही अडचण तात्पुरती असते. खरी अडचण त्यापुढची आहे. १४३० पृष्ठांच्या या ग्रंथाची भाषा आजची पंजाबी नव्हे. तिच्यात संतभाषा, व्रज, जुनी पंजाबी, फारसी शब्दसंपदा आणि प्रदेशाप्रदेशांतून आलेल्या भक्तांच्या बोली एकत्र नांदतात, त्यामुळे लुधियान्यात वाढलेल्या तरुणालाही ती विनासायास कळत नाही. ग्रंथाच्या देवनागरी आवृत्त्या उपलब्ध आहेत आणि नागपूरसारख्या शहरात त्यांचा उपयोग आहेच. परंतु शब्दांच्या शेवटी येणारे ऱ्हस्व इकार-उकार, जे बहुधा उच्चारले जात नाहीत पण विभक्ती दाखवतात, ते देवनागरीत जसेच्या तसे छापले गेले की हिंदी वाचनाची सवय असलेला मुलगा ते ठासून उच्चारतो आणि पाठ बिघडतो. म्हणून देवनागरी हा पूल म्हणून वापरावा आणि पलीकडे पोहोचल्यावर सोडावा, ही जाणत्या शिक्षकांची भूमिका ग्राह्य वाटते. अलीकडे अनेक गुरुद्वाऱ्यांत कीर्तन सुरू असताना पडद्यावर शबद आणि त्याचा अर्थ दाखवला जातो. या सोयीमुळे तरुणांची निदान अर्थाशी ओळख होते. मात्र तो अर्थ इंग्रजीत किंवा पंजाबीत असतो, आणि नागपूरच्या मुलाला सर्वांत जवळच्या हिंदी-मराठीत तो क्वचितच मिळतो.

मराठीची ही अनुपस्थिती इतिहासाच्या दृष्टीने विशेष चमत्कारिक आहे. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत, ती अठरा रागांत विभागलेली आहेत आणि अभ्यासकांना त्यांच्या भाषेत मराठी रूपांच्या खुणा आढळतात. महाराष्ट्राशी जोडल्या जाणाऱ्या त्रिलोचनांचीही पदे त्यात आहेत. पंजाबातील घुमान येथे नामदेवांनी दीर्घ काळ वास्तव्य केल्याची परंपरा आहे, आणि तिथेच एप्रिल २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वर्ध्याजवळच्या पवनारला आश्रम असलेल्या विनोबांनी जपुजीवर विवेचन केले. म्हणजे विदर्भातील शीख तरुणाला आपल्या ग्रंथाकडे मराठीतून जाण्याची वाट आयती आहे आणि शाळेत शिकलेले नामदेव त्याला दिवाणातही भेटू शकतात. ही वाट फारशी चालली गेलेली नाही. शाळेतला नामदेव आणि गुरुद्वाऱ्यातला 'भगत नामदेव' ही एकच व्यक्ती आहे, हे अनेक मुलांच्या लक्षात येतच नाही, आणि मराठी शिक्षकालाही ते सांगण्याचे सुचत नाही. येथे आणखी एक प्रसंग नोंदवण्याजोगा आहे. १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा केल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला होता, १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला उपस्थित होते आणि त्याच वर्षी हिंदू महासभेचे नागपूरचे नेते डॉ. मुंजे यांच्याशी त्यांची या विषयावर बोलणी झाली. मुंबईचे खालसा महाविद्यालय १९३७ मध्ये उभे राहिले ते याच वातावरणात. पुढे १९५६ मध्ये नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, हे सर्वश्रुत आहे. इतिहासाने वेगळे वळण घेतले असते तर मराठी भाषकांचा दिवाण कसा असावा, हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीच उभा राहिला असता आणि कदाचित त्याचे उत्तरही आज हाताशी असते.

मराठी बोलणारे शीख मात्र कल्पनेतले नाहीत. नांदेडचे तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक असून तिथली वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले दखनी किंवा हजुरी शीख मराठी बोलतात, त्यांच्या वेशाला आणि खाण्यापिण्याला दख्खनचे वळण आहे. तिथली मर्यादा, म्हणजे उपासनेची रीत, अमृतसरहून अनेक बाबतींत वेगळी आहे. सायंकाळी दिव्यांचे ताट ओवाळून शंख-घंटांच्या निनादात आरती होते, गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचाही प्रकाश असतो आणि होळी-दसऱ्याला हल्लाबोल ही शस्त्रधारी मिरवणूक निघते. नागपूरचा तरुण कुटुंबाबरोबर नांदेडला जातो तेव्हा त्याला हे सर्व पाहून बहुधा विलक्षण आकर्षण वाटते, आणि परत आल्यावर त्याच्या घरातलीच कोणी मोठी व्यक्ती त्याला सांगते की ही रीत आपली नव्हे. दोन्ही परंपरांना त्यांचा त्यांचा इतिहास आहे. तो समजावून सांगण्याऐवजी एकीला शुद्ध आणि दुसरीला मिश्र ठरवणे सोपे असते, म्हणून तेच अधिक वेळा घडते. हजुरी मुलांचे उदाहरण एका कारणासाठी महत्त्वाचे आहे: त्यांची घरची भाषा पंजाबी नसतानाही त्यांचे शीखपण उणावले नाही, कारण तख्ताच्या दैनंदिन सेवेत, मिरवणुकीत आणि शस्त्रविद्येत त्यांना लहानपणापासून नेमून दिलेली कामे असतात. पंजाबी सुटली की धर्म सुटतो, हे नागपुरात वारंवार ऐकू येणारे भाकीत नांदेडच्या अनुभवासमोर टिकत नाही.

नागपूरपुरता आणखी एक प्रवाह लक्षात घ्यावा लागतो, तो म्हणजे नानकपंथी सिंधी समाजाचा. फाळणीनंतर जरीपटका परिसरात वसलेल्या सिंधी कुटुंबांपैकी अनेकांच्या उपासनेत गुरू नानक आणि गुरुवाणी यांना मध्यवर्ती स्थान आहे. दहाव्या गुरूंच्या 'कलगीधर' या उपाधीचे नाव धारण करणारे सत्संग मंडळ तिथे आहे. केस राखणे किंवा अमृत घेणे, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घेणे, यांचा आग्रह न धरता गुरुवाणीशी जोडलेल्या अशा श्रद्धावंतांना सहजधारी म्हणण्याची जुनी रूढी आहे. २०२३ च्या आरंभी इंदूरमध्ये सिंधी मंदिरांतील ग्रंथाच्या मर्यादेवरून वाद होऊन तिथल्या सिंधी समाजाने ग्रंथाची स्वरूपे, म्हणजे प्रती, गुरुद्वाऱ्यात नेऊन सोपवली. त्या घटनेचे पडसाद मध्य भारतातील सिंधी वस्त्यांत उमटणे स्वाभाविक होते. मर्यादेचा आग्रह समजण्यासारखा आहे; परंतु ग्रंथासमोर रोज बसणाऱ्या कुटुंबांकडून ग्रंथच गेला, तर त्या घरांतल्या मुलांचा गुरुवाणीशी संबंध कशाच्या आधाराने टिकावा, याचा विचार आग्रह धरणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

तरुणांना धर्माकडे वळवण्याचे प्रचलित उपाय सर्वत्र सारखेच आहेत: उन्हाळी सुट्टीतली गुरमत शिबिरे, पगडी बांधण्याच्या स्पर्धा, गतका या शस्त्रविद्येची प्रात्यक्षिके, प्रश्नमंजूषा, प्रभातफेऱ्या. त्यांनी उत्साह निर्माण होतो आणि मुलांची एकमेकांशी मैत्री जुळते, हा लाभ किरकोळ नव्हे. पण शिबिरात पाठ केलेला जपुजी रविवारच्या दिवाणात कोणी मुलाकडून म्हणवून घेत नाही, आणि स्पर्धेत बक्षीस मिळवणारी मुलगी कीर्तनाच्या मंचावर वर्षातून एकदा, बाल दिवाणाच्या दिवशी, बसते. मोबाइलचीही तीच गत आहे. हरिमंदिरातील कीर्तन आज कोणालाही घरबसल्या ऐकता येते, शिरोमणी समितीने २०२३ मध्ये स्वतःची यूट्यूब वाहिनी सुरू केली, ब्रिटनमधील 'बेसिक्स ऑफ सिखी'सारखे उपक्रम इंग्रजीत शंकासमाधान करतात. जिज्ञासू तरुणाला यातून जे ज्ञान मिळते ते स्थानिक कथेतून मिळत नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि उत्तम रागी कानाशी उपलब्ध झाल्यावर ऐकण्यापुरते गुरुद्वाऱ्यात जाण्याचे कारण उरत नाही, हा त्याचा दुसरा परिणाम आहे; दिवाणात केवळ ऐकायचेच असेल तर फोन अधिक चांगला, असा हिशेब तरुणाने केला तर त्यात तर्कदोष काढता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर एका दुर्लक्षित प्रथेकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. बहुतेक गुरुद्वाऱ्यांत स्त्रियांचा सत्संग आठवड्यातून एखाद्या दुपारी भरतो आणि त्यात 'सुखमनी' या गुरू अर्जनदेवांच्या चोवीस अष्टपदींच्या रचनेचा पाठ होतो. तिथे पगारी वाचक नसतो. एक बाई एक अष्टपदी वाचते, पुढची दुसरी वाचते, चुकले तर शेजारची हळूच दुरुस्त करते, आणि कडेला बसलेली शाळकरी मुलगी काही महिन्यांत एक अष्टपदी स्वतः वाचू लागते. समितीच्या अहवालांत या सत्संगाला शिक्षणाचे केंद्र म्हणून कोणी गणत नाही. गुरुमुखी वाचता येणाऱ्या नागपूरच्या तरुणींपैकी अनेकींची पाठशाळा मात्र हीच असते. मुलग्यांना असा वर्ग मिळत नाही, कारण पुरुषांच्या दिवाणात वाचणारा आधीच नेमलेला असतो. रविवारच्या दिवाणातील अरदास आळीपाळीने तरुणांनी करावी, हुकुमनाम्याचा अर्थ हिंदीत किंवा मराठीत सांगण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे, महिन्यातून एक 'आसा दी वार' स्थानिक मुलामुलींनी गावी आणि रागींनी त्या दिवशी त्यांना साथ करावी, या सूचना खर्चिक नाहीत आणि मर्यादेलाही बाधक नाहीत. अरदास तर मुद्दाम निवडण्यासारखी आहे. तिच्यात साहिबजाद्यांचे, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या पुत्रांचे, शहीदांचे, पाच तख्तांचे स्मरण असते, आणि फाळणीनंतर पाकिस्तानात राहिलेल्या ननकाना साहिबसारख्या स्थानांच्या मुक्त दर्शनाची याचनाही तिला जोडली गेली. रावळपिंडी वा लायलपूरहून आलेल्या कुटुंबातील चौथ्या पिढीचा मुलगा ती स्वतःच्या तोंडाने म्हणतो तेव्हा घराण्याचा इतिहासही उच्चारतो.

या सूचनांना होणारा विरोध टाळून चालणार नाही, कारण तो पोकळ नाही. संगतीत कीर्तन शिखानेच करावे, असा रहित मर्यादेचा दंडक आहे, आणि अनेक ठिकाणी ग्रंथाच्या सेवेत बसणारी व्यक्ती अमृतधारी असावी, असा आग्रह असतो. नागपूरच्या तरुणांत केस कापलेल्यांची संख्या मोठी आहे. अशा तरुणाला पंगतीत वाढू द्यायचे पण माइकपाशी येऊ द्यायचे नाही, ही आजची अलिखित तडजोड आहे. ती त्याला दुखावते आणि त्याच्या वडिलांनाही पटत नाही, परंतु दोघेही त्याविषयी बोलत नाहीत. केस हे गुरूने दिलेले चिन्ह असल्याने त्याबाबत सूट देणे समितीच्या अधिकारात नाही, ही वडीलधाऱ्यांची भूमिका सिद्धांताला धरून आहे. आधी केस राख, मग वाच, की आधी वाचू दे, केसांचा निर्णय वाचता वाचता होईल, या दोन क्रमांपैकी कोणता स्वीकारायचा, हे प्रत्येक गुरुद्वाऱ्याच्या संगतीने ठरवायचे आहे. प्रस्तुत विवेचनाचा कल दुसऱ्या क्रमाकडे आहे. नियमित पाठ करणाऱ्या काही तरुणांनी पुढे आपणहून केस राखल्याची उदाहरणे समाजात सांगितली जातात, तर केसांवरून टोकलेल्या तरुणाने गुरुद्वाऱ्याची पायरी सोडल्याचीही. दोहोंची मोजदाद कोणी केलेली नाही. म्हणून पुढील प्रकरणांत या प्रश्नाचा निवाडा करण्याऐवजी दिवाणातील एकेक कर्म घेऊन ते कोणाला, कोणत्या तयारीने आणि कोणत्या भाषेच्या आधाराने करता येईल, याची चर्चा केली आहे, आणि तिचा आरंभ अरदासपासून केला आहे, कारण ती म्हणण्यासाठी ग्रंथापाशी बसावे लागत नाही.